गोडाऊनचा खटका, शेतातला ऑटो

आयटीआयच्या वायरमन ट्रेडला फळीवर एक जोडणी करून दाखवावी लागायची. तिचं नाव गोडाऊन वायरिंग. इतर ठिकाणच्या पोरांसाठी ती परीक्षेपुरती असेल. गोंदियाकडच्या पोराला मात्र ती कशासाठी हे समजावून सांगावं लागत नसे. राइस मिलचं गोडाऊन त्यानं लहानपणापासून पाहिलेलं. दोन्ही अंगांना धानाच्या पोत्यांच्या थप्प्या, मधून जेमतेम माणूस जाईल एवढी बोळ आणि भर दुपारी अंधार.

दारातला पहिला खटका साधा, वन-वे. पुढचे सगळे टू-वे. पहिला टाकला की पहिला दिवा लागतो. बोळीत पुढे जाऊन दुसरा खटका पालटला की मागचा दिवा विझतो, पुढचा लागतो. तिसऱ्याला पुन्हा तेच. परत येताना उलट क्रमानं पालटत यायचं. दारातला शेवटी बंद केला की सगळं गोडाऊन अंधारात. एका वेळी एकच दिवा, तोही हमालाच्या डोक्यावर. यात ना रिले, ना टायमर, नुसती तार कुठून कुठे न्यायची याची अक्कल. घराला ‘स्मार्ट’ करून द्यायला निघालेल्या पोरांना मी आधी ही जोडणी कागदावर काढायला लावतो. निम्म्यांची दुसऱ्या खटक्यावरच गाडी अडते.

घरांमधलं काम याहून साधं होतं. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० साली झालं आणि पुढच्या वर्षांत खांब एकेक करत आमगाव, सालेकसा, देवरीच्या खेड्यांत शिरले. तेव्हा आम्ही भंडारा जिल्ह्यात, गोंदिया वेगळा झाला तो १९९९च्या महाराष्ट्र दिनी. कवेलूच्या घरात मातीच्या भिंतीला गिट्टी धरत नाही. म्हणून सागाची पट्टी म्यालीच्या कडेकडेनं न्यायची, तिच्यावर क्लिपा ठोकून तार दाबायची आणि लाकडी गोल ब्लॉकवर काळा बॅकेलाइटचा खटका बसवायचा. पुढे पियानो बटनं आली, मग भिंत फोडून पाइप गाडायची पद्धत आली आणि आता मॉड्युलर प्लेटा. लाकडी पट्टीचा एक गुण मात्र मला अजून आठवतो: तार कुठून कुठे जाते ते घरातल्या म्हातारीलाही दिसत असे.

परवान्याचा प्रश्न तेव्हाही होताच. १९५६च्या भारतीय विद्युत नियमांतला पंचेचाळिसावा नियम वायरमनांना तोंडपाठ असायचा: काम परवानाधारक ठेकेदारानंच करायचं, अंगात पात्रता असून भागत नाही, तिचा दाखला हवा. पण त्याच नियमात एक सूट होती आणि तिच्याकडे फार कमी लोकांचं लक्ष जाई. दिवा, पंखा, फ्यूज, खटका बदलणं घरमालकाला मोकळं, जोवर त्यानं जोडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलत नाही तोवर. हा नियम कुणी बाबूनं उगाच लिहिला असं मला कधी वाटलं नाही. घरच्या घरी करण्याचं काम आणि दाखलेवाल्याचं काम यांच्यातली रेघ इतक्या थोडक्यात दुसऱ्या कुणी आखलेली माझ्या वाचनात नाही.

ती रेघ आमच्या जिल्ह्यात घरात पुसली गेली नाही, शेतात पुसली गेली.

शेतीला थ्री-फेज वीज पाळीनं येऊ लागली, आठ तास दिवसा नाहीतर दहा तास रात्री. उन्हाळी धानाला पाणी हवंच. रात्री बांधावर जायचं म्हणजे साप, रानडुक्कर, नवेगाव-नागझिऱ्याच्या कडेच्या गावांत अस्वल. लाइन गेली की स्टार्टरमधली कॉइल सुटते आणि परत आली तरी हिरवं बटन दाबल्याशिवाय मोटार उठत नाही. हा दोष नव्हे, मुद्दाम ठेवलेली सोय आहे. त्या सोयीवर पहिला उपाय कुणी शोधला कोण जाणे, पण मी पाहिलाय तो असा: हिरव्या बटनात बांबूची चोई खोचून वरून सुतळी. मग बाजारात डबी आली, तिलाच सगळे ‘ऑटो’ म्हणतात. चांगल्या ऑटोला तिन्ही फेज तपासायची आणि थोडं थांबून मोटार उठवायची अक्कल असते. स्वस्तातल्याला नसते, आणि स्वस्तातलाच खपला.

आता हिशेब बघा. ६३ केव्हीएच्या डीपीची, म्हणजे ट्रान्सफॉर्मरची, ताकद फेजमागे ८४ अँपिअर. पाच एचपीची मोटार चालताना सात-साडेसात घेते, उठताना क्षणभर त्याच्या पाच-सहा पट. दहा मोटारी चालत्या असल्या तर डीपी सुखात. त्याच दहा मोटारी लाइन येताच एका दमात उठल्या तर चारशेच्या आसपास मागतात. डीपी जळते, आणि ज्यानं ऑटो लावलाच नाही त्याचंही बांधीतलं धान वाळतं. ऑटो काढा, कपॅसिटर लावा, असं महावितरण वर्षानुवर्षं सांगत आली. कोण काढतो? अस्वलाची भीती ज्याची त्याला, डीपी मात्र सगळ्यांची. पुण्याच्या संतोष ओस्तवालांचं ‘नॅनो गणेश’ मोबाइलवरून पंप चालवायला आलं, ती वाट जास्त शहाणपणाची होती. पण चोईची किंमत शून्य.

घरातल्या नव्या कामाकडे मी याच नजरेनं बघतो. २०१४ला ईएसपी८२६६ नावाची चिप आली आणि काही वर्षांत रिलेचे बोर्ड पोरांच्या हाती पोचले. भाचा घेऊन आला, “मामाजी, याच्यावर गिझर चालवता येते का?” रिलेवर दहा अँपिअर छापलेलं, दोन किलोवॅटचा गिझर नऊच्या घरात. कागदावर बसतं. पण ती रिले रोज तेवढ्यावर चालवली तर तिचे पॉइंट किती दिवस धड राहतील? आणि बोर्डावर २३० व्होल्टची पट्टी नि पाच व्होल्टची पट्टी एकमेकींना इतक्या खेटून होत्या की मध्ये झुरळ चिरडलं तरी भागलं असतं. युरोपातली केएनएक्स पद्धत खोलीतल्या बटनापर्यंत तीसेक व्होल्टची हिरवी केबल नेते आणि जड प्रवाह डीबीतच, म्हणजे डिस्ट्रिब्यूशन बोर्डातच, ठेवते. तिचं सामान आमगावच्या दुकानात मला कधी दिसलं नाही, किंमतही आपल्या खिशाची नव्हे. तिची मांडणी मात्र फुकट आहे. भाच्याला तेवढीच दिली: खोलीत चोवीस व्होल्टवरची बेलची बटनं, डीबीत आयएसआय मार्कचा कॉन्टॅक्टर, आधी आरसीसीबी, आणि प्रत्येक दिव्याला हातानं चालणारा खटका शाबूत. चोवीस व्होल्टकडचं त्यानं हवं ते करावं. डीबीतलं काम मी केलं, कारण तिथे जोडणीचं स्वरूप बदलत होतं.

शेतात आता सौर पंप येताहेत. ऊन पडलं की कंट्रोलर आपोआप मोटार उठवतो, ऑटोची गरजच नाही, डीपीही नाही. पाच वर्षांची हमी आहे आणि खोक्याला सील. सील तोडलं तर हमी गेली. रोवणी आटपली की पंप पडून राहतो, तेव्हा त्याच्यावर कडबाकुट्टी नि घरचे दिवे चालतील का, हे विचारायला पोरं आत्ताच दुकानात येऊ लागली आहेत. दोघांनी तर पेचकस सोबत आणला होता.