जमीन-घर खरेदी : दस्तलेखक पुरेसा की वकील हवा?

इंग्लंड व ऑस्ट्रेलियात मालमत्ता हस्तांतरणाचे काम करणारा ‘कन्व्हेयन्सर’ हा वकिलाहून वेगळा, परवानाधारक व्यावसायिक असतो. भारतात असा स्वतंत्र परवाना नाही. त्यामुळे गोव्यातील खरेदीदारापुढे दोनच पर्याय उरतात : दस्तलेखक किंवा वकील. दस्तलेखकाचे शुल्क सहसा कमी असते. परंतु दोघांची कामे एकच नव्हेत.

दस्तलेखक ठरलेला व्यवहार योग्य मसुद्यात मांडतो. विक्रेता खरोखर मालक आहे काय, याची तपासणी त्या कामात येत नाही. नोंदणी झाली म्हणजे मालकी पक्की झाली, हा समजही चुकीचा आहे. १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार दुय्यम निबंधक दस्ताची नोंद करतो. मालकी हक्काची हमी देत नाही.

गोव्यात हा फरक अधिक महत्त्वाचा ठरतो. पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेल्या कौटुंबिक कायद्यानुसार, विवाहापूर्वी वेगळा करार केलेला नसल्यास पती-पत्नीची मालमत्ता सामाईक मानली जाते. कागदावर एकाचेच नाव असले तरी विक्रीस दोघांची संमती लागते. वडिलोपार्जित घर असल्यास सर्व वारस आणि त्यांचे जोडीदार यांचा विचार करावा लागतो. एक सही राहिली तरी पुढे दावा उभा राहू शकतो.

नमुना एक-चौदाच्या उताऱ्यावरील नाव हा महत्त्वाचा पुरावा आहे. परंतु केवळ त्यावरून मालकी सिद्ध होत नाही. जुने विक्रीखत, पोर्तुगीज काळातील भूनोंदणी, वारसा ठरविणारी इन्व्हेंटरी कार्यवाही किंवा वारस-दस्त, तसेच कूळ व मुंडकार यांचे हक्क हे सर्व पडताळावे लागते. हे काम वकिलाचे आहे.

वकील निवडतानाही सावधगिरी हवी. बिल्डरचा वकील बिल्डरचे, तर बँकेचा वकील बँकेचे हित पाहतो. खरेदीदाराने स्वतःचा वकील नेमावा आणि मालकी हक्काचा अहवाल त्याच्याकडून लेखी घ्यावा. अहवाल हाती येईपर्यंत बयाणा देऊ नये, करारावर सही करू नये. अहवाल निर्दोष असल्यास दस्त दस्तलेखकाकडून लिहून घेण्यास हरकत नाही. मात्र नोंदणीपूर्वी तो आपल्या वकिलास दाखवावा.