हाताची थरथर

बेंगळूरुतल्या यशवंतपूरच्या बाजार समितीच्या यार्डासमोर पहाटे गेलात तर आजही एमएच-१५ आणि एमएच-१६ पासिंगचे ट्रक उभे दिसतात. नाशिकचा आणि नगरचा कांदा. १९९३च्या पावसाळ्यात याच रस्त्यावर मी सायकलवरून पडले. शाळेत शिकवायला निघाले होते. इन्सुलिन घेतलं होतं आणि घाईत उपमा अर्धाच खाल्ला होता. पुढचं मला बघ्यांनी सांगितलं तेवढंच ठाऊक. हमालांना वाटलं, फिट आली. कोणीतरी मुठीने कांदा फोडून माझ्या नाकाशी धरला. मी पुटपुटत होते ते मराठीत, म्हणून एक ट्रक ड्रायव्हर पुढे आला. ‘ताई, काय पाहिजे?’ मी म्हणाले, ‘गोड.’ त्याने केबिनमधून गुळाचा खडा आणून माझ्या हातावर ठेवला. त्याचं नाव विचारायचं राहून गेलं, ते आजही मनात आहे.

मला टाइप वन मधुमेह आहे. मिरजेत १९७५ साली, अकराव्या वर्षी निदान झालं. लोक अजून विचारतात, लहानपणी फार गोड खायचीस का? नाही. या आजारात शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन करणाऱ्या पेशी मारते. मधुमेहाचे दोन वेगळे प्रकार आहेत हे हॅरॉल्ड हिम्सवर्थ यांनी १९३६ मध्ये मांडलं. गल्लीतल्या बायकांपर्यंत ते अजून पोचायचंय.

आमच्या स्वयंपाकघरात तेव्हा एक कोपरा माझा होता. तिथे स्पिरिटचा दिवा, परीक्षानळी आणि बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणाची बाटली असे. पाच मिली द्रावणात लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि उकळायचं. निळंच राहिलं तर साखर नाही. मग हिरवं, पिवळं, नारिंगी आणि शेवटी विटेसारखं लाल. आई नळी उजेडात धरायची आणि रंग बघून तिचा चेहरा बदलायचा. पण हा रंग दोन-तीन तासांपूर्वीची गोष्ट सांगायचा. शिवाय निळा रंग म्हणजे साखर ठीक आहे की धोक्याइतकी खाली गेलीय, हे तो सांगूच शकत नसे. सायकलवर बसणाऱ्या मुलीला नेमकं तेच कळायला हवं असतं. काचेची सिरिंज आई रोज उकळायची, आणि सुई बोथट झाली की बाबा ती दगडावर घासून धार लावायचे. त्या सुईचा चटका मांडीला अजून आठवतो.

टोरांटोत ११ जानेवारी १९२२ रोजी चौदा वर्षांच्या लिओनार्ड थॉम्प्सनला पहिलं इन्सुलिन टोचलं गेलं. त्याआधी माझ्यासारखी मुलं फार दिवस जगत नसत. पण मला जवळचा वाटतो तो रॉबिन लॉरेन्स. हा इंग्लंडमधला तरुण डॉक्टर स्वतः मधुमेही होता आणि मरणाची वाट पाहत इटलीत फ्लॉरेन्सला राहत होता. इन्सुलिन आलंय, परत ये, अशी लंडनहून तार आली तेव्हा तो मोटार घेऊन निघाला आणि अशक्त हातापायांनी युरोप ओलांडून १९२३च्या मे महिन्यात इस्पितळाच्या दारात पोचला. पुढे १९२६ मध्ये त्यानेच दाखवून दिलं की व्यायामाने इन्सुलिनचा जोर वाढतो. म्हणजे तेवढ्याच डोसवर चार मैल चाललात तर साखर जास्त खाली येते. यशवंतपूरच्या रस्त्यावर मी पडले त्याचं कारण माझ्या जन्माच्या अडतीस वर्षं आधी छापून आलं होतं. मला मात्र ते कोणी सांगितलं नव्हतं.

लग्न होऊन १९८८ मध्ये मी इथे आले. तेव्हा मिरजेपासून बेंगळूरुपर्यंत मीटरगेज होती. थर्मासमध्ये बर्फ, बर्फावर रबराच्या पिशवीत इन्सुलिनच्या बाटल्या आणि मांडीवर थर्मास. रात्रभर कोणाला हात लावू दिला नाही. आमच्या भाड्याच्या खोलीत फ्रीज नव्हता. घरमालकीण अज्जी लिंगायत, साठीच्या पुढची. ‘सक्करे कायिले’, म्हणजे मधुमेह, एवढं ऐकून त्या आत गेल्या आणि मातीची दोन मडकी घेऊन आल्या. मोठ्या मडक्यात ओली वाळू, त्यात छोटं मडकं, त्यात बाटल्या, वरून ओला कपडा. उन्हाळाभर माझं औषध त्यात टिकलं. सासरच्या नात्यात माझा आजार लपवून ठेवला होता. अज्जींनी तो असा उघड्यावर, खिडकीत मांडला, आणि मला मोकळं वाटलं.

सायकल मी सोडली नाही, पण ती माझ्या हिशेबात कधी बसली नाही. वारा समोरून असला, मल्लेश्वरमकडे जाताना चढाला ट्रॅफिकमुळे उतरून ढकलावी लागली, की सगळं गणित कोलमडायचं. शिवाय दमलेले स्नायू नंतरही कितीतरी तास रक्तातली साखर ओढत राहतात. दुपारी सायकल चालवली की रात्री दोन वाजता घाम फुटून जाग यायची. मी पडले त्याच १९९३ साली जपानमध्ये यामाहाने पॅडल मारताना मोटरची साथ देणारी सायकल विकायला काढली. चढ आणि वारा मोटरने घ्यायचा, माणसाची मेहनत सारखी ठेवायची. मला तेव्हा ती मिळाली असती तर?

१९९६ मध्ये भावाने अमेरिकेहून ग्लुकोमीटर आणला आणि पहिल्यांदा या घटकेचा आकडा समोर आला. त्याच सुमारास आम्ही जुनी बजाज चेतक घेतली. १९७२ पासून पुण्याच्या आकुर्डीत बनणारी ही गाडी. एका बाजूला वाकवून किक मारायची. मला ती आवडे, पण तिने मला एकदा फसवलं. साखर उतरायला लागली की हात थरथरतात, ती माझी पहिली सूचना. आणि चेतकचं हँडल तर कायमच थरथरत असायचं. हाताची थरथर कुठली आणि इंजिनाची कुठली, हे उमगायच्या आत डोळ्यांपुढे रस्ता दुहेरी झाला. कशीबशी कडेला आले.

मग पाय बधिर झाले. तीस-पस्तीस वर्षांच्या मधुमेहात नसा सुस्तावतात. २००९ मध्ये ह्यांच्या मोटारसायकलवर मागे बसून तुमकूर रोडने घरी आले. चप्पल काढली तर घोट्यावर रुपयाएवढी कातडी सोलली होती. पाय सायलेन्सरला टेकला होता आणि मला काहीच कळलं नव्हतं. ती जखम भरायला तीन महिने लागले. त्यानंतर बारा वर्षं मी दुचाकीवर बसले नाही.

या बारा वर्षांत माझ्या दोन्ही गोष्टी, गाडी आणि औषध, या शहरात बदलल्या. खरं तर सुरुवात थोडी आधीच झाली होती. विजेवरची रेवा मोटार बेंगळूरुत २००१ मध्ये आली आणि बायोकॉनने यीस्टपासून बनवलेलं मानवी इन्सुलिन २००४ मध्ये बाजारात आणलं. २०१४ मध्ये यशवंतपूरला मेट्रो आली, २०१८ मध्ये एथर स्कूटर रस्त्यावर उतरली. आणि जानेवारी २०२० मध्ये चेतक परत आली, विजेवरची, आणि विक्रीसाठी पहिली दोनच शहरं निवडलेली, पुणे आणि बेंगळूरु. माझं माहेरचं राज्य आणि माझं सासरचं गाव. २०२१ मध्ये मी ती घेतली.

लोक या गाड्यांचं कौतुक पेट्रोलच्या बचतीसाठी करतात. माझं कारण वेगळं आहे. तिला किक नाही, त्यामुळे नडगीला मार नाही. सायलेन्सर नाही, त्यामुळे बधिर पायाला चटका नाही. आणि हँडल शांत असतं. सुरू केल्यावर पहिल्याच दिवशी, सिग्नलला उभी असताना, माझी बोटं थरथरताहेत हे मला दिसलं. कडेला लावून मोजली तर साखर ६४. तीन चमचे ग्लुकोज पाण्यात घालून प्यायले, पंधरा मिनिटं थांबले, पुन्हा मोजली, आणि बराच वेळ तिथेच बसून राहिले. चिक्की जवळ होती, पण ती नाही खाल्ली. शेंगदाण्याच्या तेलामुळे तिची साखर रक्तात उशिरा पोचते.

पण एक धोका या गाड्यांनीच वाढवला आहे. लायसन्सच्या फॉर्म एकमध्ये निदान एक प्रश्न असतो, अचानक शुद्ध हरपते का, चक्कर येते का. २५० वॅटच्या आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतली विजेची दुचाकी चालवायला मात्र लायसन्सच लागत नाही. म्हणजे तो प्रश्न विचारणारं कोणीच नाही. आणि वर्षं सरतात तशी थरथर, घाम या सूचनाही कमी होत जातात. कित्येकांना त्या येतच नाहीत. ब्रिटनमध्ये इन्सुलिन घेणाऱ्या चालकांना निघण्यापूर्वी दोन तासांच्या आत आणि प्रवासात दर दोन तासांनी साखर मोजायला सांगतात. ५ मिलिमोलच्या, म्हणजे आपल्याकडच्या ९०च्या खाली असेल तर आधी खायचं. ४च्या, म्हणजे सुमारे ७२च्या खाली असेल तर गाडी चालवायचीच नाही, आणि साखर सावरल्यावरही ४५ मिनिटं थांबायचं. माझी भाची मल्लेश्वरमला कॉलेजात शिकते, तिलाही टाइप वन आहे आणि ती भाड्याची ई-बाइक घेऊन फिरते. तिच्या सॅकवर मी हेच आकडे लिहून चिकटवले आहेत.

तुमच्या घरात असं मूल असेल तर त्याला गाडी जरूर द्या. इन्सुलिन सीटखालच्या डिकीत उन्हात तापू देऊ नका, ग्लुकोज मात्र खिशातच असू द्या. गळ्यात किंवा मनगटावर ‘मला मधुमेह आहे, गोड द्या’ असं कन्नडमध्येही लिहिलेली पट्टी असू द्या. प्रत्येक वेळी नाशिकचा ट्रक जवळ उभा असेलच असं नाही.