पाहुण्यांची केळी

पहिला घाणा बिघडला आहे.

रविवार, दुपारचे चार. गॅसवर लोखंडी कढई आणि ताटात केळ्याची भजी मान टाकून पडलेली. झाऱ्यातून उतरली तेव्हा कुरकुरीत होती. पाचव्या मिनिटाला नरम पडली, दहाव्याला तेल सुटलं. आतल्या केळ्याची तर शिकरणच झाली आहे. ओट्याच्या कोपऱ्यात शेजारच्या काकूंची वाटी तुमच्याकडे बघते आहे. परवा त्यातून साबुदाण्याची खिचडी आली होती. ती रिकामी कशी परत करायची? आणि ही भजी घालून तर मुळीच नाही.

लेक सहाला येणार. वर्षभरापासून तिनं दूध, तूप, अंडी, मध सगळं सोडलंय. फोनवर म्हणाली, बँकॉकला फुटपाथवर खाल्ली होती तशी केळी करा. बाहेरून तीळखोबऱ्याचं खरखरीत कवच, आत मऊ आंबटगोड केळं. तुम्ही हो म्हणालात आणि मग धास्तावलात. अंड्याशिवाय पीठ धरून राहील कसं? म्हणून मैदा घेतलात, त्यात चिमूटभर सोडा टाकलात, आणि हे असं झालं.

या पदार्थाचं थाई नाव ‘क्लुआय खॅक’. क्लुआय म्हणजे केळं. खॅक म्हणजे पाहुणा. पण भारतीय, इराणी, अरब, मलय अशा परमुलखातून आलेल्या माणसांनाही थाई लोक सरसकट खॅकच म्हणतात. पाहुण्यांची केळी. हा पाहुणा कोण?

विचार करत तुम्ही कढईवर वाकता. चष्म्यावर वाफ धरते. तुम्ही तो पदराला की टॉवेलला, हाताला येईल त्याला पुसता आणि पुन्हा डोळ्यांवर चढवता.

ओटा नाही. पायाखाली फरशीही नाही, सारवलेली जमीन आहे.

साल 1700च्या आसपासचं. गाव अयुथ्थया, सयामची राजधानी. तुम्ही राजवाड्याच्या मुदपाकखान्यात उभे आहात. पितळी कढईत साखरेचा पाक रटरटतोय. शेजारच्या टोपल्यांत बदकाची अंडी, शंभराच्या वर असतील. एक बाई बारीक भोकाच्या नरसाळ्यातून पिवळ्या बलकाची धार पाकात सोडते आहे. हात गोल फिरतो आणि पाकात सोन्याच्या तारांची लड तयार होते. काडीनं ती लड उचलून, घडी घालून ती बाजूला ठेवते. याला इथे ‘फोई थोंग’ म्हणतात. सोन्याचे धागे.

बाईचं नाव मारिया गुयोमार द पिन्या. रक्तात जपानी, पोर्तुगीज आणि बंगाली असं सगळं मिसळलेलं. वडील गोव्याकडचे, असं सांगतात. नवरा कॉन्स्टंटाइन फॉल्कन, ग्रीक माणूस, सयामच्या राजाचा उजवा हात. 1688मध्ये राज्य उलटलं, त्याचा शिरच्छेद झाला आणि ही बाई नव्या राजाच्या स्वयंपाकघरात राबायला आली. अंड्याच्या बलकाच्या थाई मिठायांचं श्रेय आजही तिलाच दिलं जातं. धारेकडे बघताना तुम्हाला गोव्याची बेबिंका आठवते. तीही अशीच, बलकावर बलक रिचवणारी. एकाच पोर्तुगीज हाताखालून गेलेली दोन गावं.

तुम्हाला मात्र अंडी नकोच आहेत. तुम्ही मागच्या दारानं बाहेर पडता. तिथे चाकरमाणसं पानावर गोड खात बसली आहेत. तांदळाची पिठी, खवलेला नारळ, ताडाचा गूळ. राजवाड्यात अंडी आली ती परदेशी हातांबरोबर. गोडाचा जुना पाया हा मागच्या दारचा. गाईम्हशींचं दूध त्यात कधी नव्हतंच. जिथे आपण दूध घालतो तिथे ही माणसं नारळ पिळतात.

म्हणजे लेक मागते आहे ते काही वगळलेलं, उणं केलेलं खाणं नाही. ते मुळातच तसं आहे. मैद्याचं खूळही इथेच डोक्यातून निघतं. मैद्यात ग्लुटेन असतं, पीठ जितकं फेटाल तितकं ते चिवट होतं. तांदळात ते नसतं. कवच ठिसूळ होतं, दाताखाली मोडतं आणि तेलही कमी पितं.

चष्म्यावर पुन्हा वाफ येते.

आता पायाखाली पाणी आहे. घोट्याच्या वर, गढूळ. 1942चा पावसाळा सरला आहे, बँकॉक पुरात बुडालं आहे आणि रस्त्यांतून होड्या चालल्या आहेत. वर्षभरापूर्वी जपानी फौजा देशात शिरल्या. पंतप्रधान पिबुनसोंग्क्राम यांना देश झटपट ‘सुसंस्कृत’ करायचा आहे. बाहेर पडताना टोपी घालायची. पान खायचं नाही.

खांबांवर उभारलेल्या लाकडी घराच्या पायरीवर एक आजी बसली आहे. पान खाऊन खाऊन दात काळे झालेले. मांडीवर पितळेची छोटी डबी. तुम्हाला बघून ती डबी लुगड्यासारख्या वस्त्राखाली सरकवते. मग तुमच्या डोक्यावर सरकारी टोपी नाही हे पाहून पुन्हा बाहेर काढते.

“पानावर बंदी आली,” ती म्हणते, “चुन्यावर नाही.”

डबीतला चुना लाल आहे. तुम्ही दचकत नाही. चुन्यात हळद पडली की लाल रंग येतो, हे कुंकू करणाऱ्या घरांतून आलेल्या माणसाला कुणी सांगायला नको. आजी बोटाच्या पेराएवढा चुना घेऊन मडक्यातल्या पाण्यात कालवते. पाणी गुलाबी, गढूळ होतं. मग ती नुसती बसून राहते. तुम्हीही बसता. समोरून एक होडी जाते, तीत भाजी, कोंबड्या आणि एक शाळकरी पोर. तासाभरानं मडक्यात बघता तर गाळ तळाशी आणि वर स्वच्छ पाणी. आजी म्हणते, “नाम पून साय.” स्वच्छ चुन्याचं पाणी. तुमच्याकडे त्याला एकच शब्द आहे: निवळी. कोहळ्याच्या पेठ्यासाठी वापरतात तीच.

घातलेला सगळा चुना त्यात उतरत नाही. लिटरभर पाण्यात चुना विरघळतो जेमतेम दीड ग्रॅमच्या आसपास, बाकीचा तळाला बसतो. पण तेवढा पुरतो. चुन्यातलं कॅल्शियम केळ्यातल्या पेक्टिनला धरून ठेवतं, म्हणून फोड तेलात विरघळत नाही. आणि पाणी अल्कधर्मी असल्यानं कवचाला तांबूस रंग लवकर चढतो. तुमच्या चिमूटभर सोड्यानं पीठ नुसतं फुगवलं होतं.

“गाळ घ्यायचा नाही,” आजी बजावते. “आणि भिंतीचा चुना तर नाहीच नाही. पानाचाच घे.”

डबी पुन्हा वस्त्राखाली जाते. दूर कुठेतरी कुणीतरी टोपीवाला होडीत उभा आहे.

पुढचा श्वास घेता तो खोबऱ्याच्या वासाचा. 1968, बँकॉकमधली नांग लोंग ही वस्ती. मोन लोकांच्या मोठ्या मातीच्या रांजणांवरून पडलेलं जुनं नाव ‘ई लोंग’. पिबुनच्या काळात ते शिष्ट कानांना गावंढळ वाटलं, म्हणून त्याचं ‘नांग लोंग’ झालं. समोर साला चालर्म थानी, 1918 सालचं लाकडी सिनेमाघर. पाटीवर मित्र चायबंचा आणि पेच्चरा चाओवरात यांची रंगवलेली तोंडं. सिनेमे मुके, 16 मिलिमीटरचे. आत बसलेला माणूस सगळ्या पात्रांचे आवाज जागेवरच काढतो. मित्र याच गल्ल्यांत वाढलेला. दोन वर्षांनी, 8 ऑक्टोबर 1970 रोजी, चित्रीकरणात हेलिकॉप्टरच्या शिडीवरून पडून तो मरणार आहे. आज मात्र तो फक्त हसतो आहे. शहरातली ट्रामही या सप्टेंबरअखेर बंद पडेल. तुम्हाला सगळं माहीत आहे आणि कुणाला सांगता येत नाही.

सिनेमाघराबाहेर एका मावशींची कढई आहे. आपल्याकडच्या गणपतीच्या महाप्रसादाला चालेल एवढी. त्यांच्यासमोर ठेंगणी, जाड, टोकं बोथट अशी केळी.

“कुठलं केळं घेता?” तुम्ही विचारता.

“नाम वा.” त्या सुरी थांबवत नाहीत. “पिवळं झालेलं, पण ठिपके न आलेलं. ठिपके आले की ते पोराला कुस्करून भरवायचं, तळायचं नाही.”

म्हणून तुमच्या केळ्याची शिकरण झाली. तुम्ही घेतली होती जळगावची, घरात दोन दिवस पिकलेली, साखर वाढलेली. नाम वा घट्ट असतं, किंचित आंबट असतं. तुम्हाला वसईची राजेळी आठवते. सुकेळ्यांची. तिची चव वेगळी, पण तेलात टिकेल ती तीच.

मावशी एका केळ्याचे उभे तीन-चार काप करतात. पीठ पळीवरून सलग ओघळेल इतपतच सैल. काप बुडवून हातानंच, कढईच्या काठाशी बोटं नेऊन, तेलात सोडतात. आवाज कान देऊन ऐका. आधी जोरात सळसळ, पाणी उडून जाण्याची. या वेळी झारा घालायचा नाही. कवच धरेपर्यंत तुमची घाई तेवढी नडते. मध्यम आच, सात-आठ मिनिटं. मग सळसळ बारीक होते, बुडबुडे लहान होतात, तीळ तांबूस दिसू लागतात. आता काढायचे, आणि ताटात एकावर एक नाही तर चाळणीत उभे टेकवून ठेवायचे. वाफ बाहेर गेली पाहिजे. आत अडकली तर ती कवचच भिजवते.

तुम्ही शेवटी विचारताच. “मावशी, याला खॅकची केळी का म्हणतात?”

त्या पहिल्यांदा मान वर करतात. तुमचा रंग, नाक, डोळे निरखतात. “पीठ लावून तळायचं तुम्हा लोकांकडून आलं म्हणतात. कोण जाणे. मला माझ्या आईनं शिकवलं.”

पिशवी त्या हातात देतात. कुणाच्या तरी वहीच्या पानांची चिकटवलेली. तेलाच्या डागाखाली गणित दिसतं, शेजारी लाल शाईत चूक.

तीच पिशवी हातात असताना सिग्नल लागतो. मधली पन्नासेक वर्षं कुठे गेली कळत नाही. नांग लोंगच्याच चौकात तुम्ही टॅक्सीत बसला आहात. गाड्यांच्या रांगांमधून रंगीत एप्रन घातलेली माणसं काचेशी पिशव्या नाचवत फिरतात. इथला लाल दिवा मोठा. तेवढ्यात धंदा होतो. पुढे पोलिसांनी रस्त्यावरची ही विक्री बंद पाडली. कढया फुटपाथवर राहिल्या.

ऑक्टोबर आहे. दुकानांवर पिवळ्या पताका, त्यांवर लाल अक्षर: ‘जे’. चिनी नवव्या महिन्याचे पहिले नऊ दिवस मांस, मासे, अंडी, दूध काही नाही, कांदालसूणही नाही. तळलेल्या केळ्यांना या दिवसांत काही बदलावं लागत नाही. त्याच सुमारास सिलोम रस्त्यावरच्या मरिअम्मन देवळात नवरात्र बसलेलं असतं. तमिळ लोकांनी बांधलेलं ते देऊळ. थाई माणूस त्याला म्हणतो ‘वॉट खॅक’. पाहुण्यांचं देऊळ. उपास त्यांचेही नऊ, आपलेही नऊ, आणि मधे केळी.

हिरवा दिवा लागतो. कुणीतरी हॉर्न वाजवतं.

तो हॉर्न तुमच्या खिडकीखालचा आहे. पाच वाजायला आले.

पानवाल्याकडून आणलेला चुना तुम्ही पाण्यात कालवता. थांबायला तासभर नाही. पाऊण तास असेल, पण निवळी निवळते. राजेळी केळी कोपऱ्यावरच्या केरळी दुकानात मिळतात. वाटीभर तांदळाची पिठी, अर्धी वाटी खवलेलं ओलं खोबरं, दोन मोठे चमचे साखर, तीन चमचे पांढरे तीळ, अर्धा चमचा मीठ. निवळी पाऊण वाटी, पण हात राखून, पिठीच्या ओढीप्रमाणे. पाच केळ्यांना पुरेल. तेल तापलं का बघायला पिठाचा थेंब टाकता. तो तळाशी जातो आणि लगेच वर येतो. मग काप, एकेक, काठाशी बोटं नेऊन.

आणि झारा बाजूला ठेवून हात मागे बांधता. हे सगळ्यात अवघड.

सळसळ बारीक होते.

लेक चपला काढतानाच एक काप उचलते. फुंकर घालते, चावते. कवच मोडल्याचा आवाज तुम्हाला ओट्यापाशी ऐकू येतो. ती काही बोलत नाही, दुसरा उचलते. चाळणीतले बाकीचे वीस मिनिटांनीही ताठ उभे आहेत.

दार वाजतं. काकू कोथिंबीर मागायला आल्या आहेत. वासानं थबकतात. “कसली भजी गं?”

“थाई केळी,” लेक म्हणते.

तुम्हाला हसू येतं. तिकडे ती पाहुण्यांची, इकडे ती थाई. दोन्ही घरी ती बाहेरचीच. कधीतरी कुणीतरी इथून कढईतलं काहीतरी तिकडे दिलं असेल, पीठ लावून तळलेलं, बहुधा तिखटमिठाचं. ती वाटी आता परत आली आहे, तीळ-खोबरं घालून.

तुम्ही ओट्यावरची काकूंची वाटी घेता. त्यात चार काप उभे ठेवता, वाफ जायला जागा सोडून, आणि वर झाकण न घालता त्यांच्या हातात देता.