आयकर रिटर्न आता ऑनलाइनच, पण तुमच्या खात्याचा पासवर्ड कुणाकडे आहे?

धाराशिव जिल्ह्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी जा. सातबारा, पीकविमा, पॅन कार्ड यांच्या पाट्यांसोबत 'आयटीआर भरून मिळेल' ही पाटी दिसतेच. ट्रॅक्टरचं कर्ज असो, दुकानाचं असो की मुलीच्या शिक्षणाचं, बँक दोन-तीन वर्षांचे आयटीआर मागते. मग आपण आधार आणि पॅन घेऊन त्या दुकानात जातो, फोनवर आलेला ओटीपी सांगतो आणि पावती घेऊन घरी येतो.

काम झालं. पण आयकर विभागाच्या वेबसाइटवर तुमच्या नावाने जे खातं उघडलं गेलं, त्याचा पासवर्ड तुम्हाला माहीत आहे का? त्यात मोबाईल नंबर आणि ईमेल कुणाचा आहे? उत्तर 'माहीत नाही' असेल, तर ही माहिती तुमच्यासाठीच आहे.

ऑनलाइन रिटर्न सक्तीचं कधी झालं?

हे एका रात्रीत झालं नाही. ऑनलाइन रिटर्नची सोय २००४ मध्ये आली, तेव्हा ती ऐच्छिक होती. पुढे सक्तीचं वर्तुळ मोठं होत गेलं:

- २००६: सर्व कंपन्यांना सक्ती
- २०१२: वर्षाला १० लाखांपेक्षा जास्त उत्पन्न असलेल्या व्यक्तींना सक्ती
- २०१३: ही मर्यादा ५ लाखांवर आली
- २०१५: उत्पन्न ५ लाखांच्या आत असलं, तरी रिफंड हवा असेल तर ऑनलाइनच
- २०१९: उरलेली सूटही गेली, जवळपास सगळ्यांना ऑनलाइन

आज कागदी रिटर्न फक्त ८० वर्षं किंवा त्याहून जास्त वयाच्या व्यक्ती भरू शकतात. तेही आयटीआर-१ किंवा आयटीआर-४ हा फॉर्म लागू होत असेल तरच. ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना आणखी एक सवलत आहे. उत्पन्न फक्त पेन्शन आणि त्याच बँकेतलं व्याज एवढंच असेल, तर बँकेला ठरावीक नमुन्यात लिहून दिल्यावर बँकच कर कापते आणि रिटर्न भरावंच लागत नाही. ही सोय सरकारने ठरवून दिलेल्या बँकांमध्येच मिळते.

१ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याच्या जागी नवा आयकर कायदा लागू होतो. त्यात कलमांचे नंबर बदलले आणि 'करवर्ष' हा नवा शब्द आला. पण कागदी रिटर्नचे दिवस त्यामुळे परत येणार नाहीत.

आमची तर शेती आहे, आम्हाला काय?

२०११ च्या जनगणनेनुसार धाराशिव जिल्ह्याची लोकसंख्या साधारण साडेसोळा लाख आणि शंभरातले ८३ लोक खेड्यात राहणारे. त्यामुळे हा प्रश्न इथे सगळ्यात आधी येतो.

फक्त शेतीचं उत्पन्न असेल तर त्यावर आयकर नाही आणि रिटर्नची सक्तीही नाही. पण तीन ठिकाणी गफलत होते.

पहिलं, जोडधंदा म्हणजे शेती नव्हे. सोयाबीन, तूर, ऊस विकून आलेले पैसे शेतीचे. पण दूध विकून, खव्याची भट्टी चालवून किंवा उस्मानाबादी शेळ्या पाळून होणारा नफा आयकराच्या हिशेबात व्यवसायाचं उत्पन्न धरला जातो. तो सूट मर्यादेच्या वर गेला तर रिटर्न भरावं लागतं.

दुसरं, नोकरी आणि शेती दोन्ही असेल तर फॉर्म बदलतो. जिल्हा परिषदेचे शिक्षक किंवा एसटीचे कर्मचारी सहसा आयटीआर-१ भरतात. पण शेतीचं वार्षिक उत्पन्न ५ हजारांपेक्षा जास्त असेल, तर आयटीआर-१ चालत नाही. घाईत फॉर्म भरून देणारा हा प्रश्न विचारतच नाही.

तिसरं, कर शून्य म्हणजे रिटर्नमधून सुटका असं नाही. २०२५-२६ या आर्थिक वर्षासाठी नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर लागत नाही. पण सूट मर्यादा ४ लाखच आहे. त्यावर उत्पन्न गेलं की कर शून्य असला तरी रिटर्न भरायचंच.

याशिवाय वर्षभरात १ लाखावर वीजबिल, परदेश प्रवासावर २ लाखांहून जास्त खर्च किंवा बचत खात्यांत मिळून ५० लाख वा त्याहून जास्त जमा असेल, तर उत्पन्न कितीही असो, रिटर्न सक्तीचं आहे.

मग अडचण कुठे आहे?

पूर्वी आयकर विभागाशी संबंध म्हणजे पोस्टाने आलेला कागद आणि कार्यालयातला साहेब. आता रिटर्नची प्रक्रिया बेंगळुरूच्या केंद्रात संगणकावर होते. २०१९ पासून तपासणीही चेहराविरहित होत गेली, म्हणजे तुमची फाइल कोणता अधिकारी पाहतोय हे तुम्हाला कळत नाही. यामुळे हेलपाटे वाचले आणि रिफंडही लवकर मिळू लागला.

पण नोटीस आता पोर्टलवर, नोंदवलेल्या ईमेलवर आणि मोबाईलवर येते. तिथे दुकानदाराचा नंबर असेल, तर नोटीस त्याला जाते. त्याने पाहिली नाही किंवा दुकानच बंद केलं, तर तुम्हाला पत्ताच लागत नाही. कायद्याच्या नजरेत मात्र रिटर्न ज्याच्या पॅनवर भरलं, जबाबदारी त्याचीच. 'मला माहीत नव्हतं, त्याने भरलं' हे उत्तर तिथे चालत नाही.

'रिफंड काढून देतो, इतके टक्के द्या'

ही भीती उगाच घातलेली नाही. १४ जुलै २०२५ रोजी आयकर विभागाने देशभरात १५० ठिकाणी एकाच वेळी तपासणी केली. रिटर्नमध्ये खोट्या वजावटी दाखवून रिफंड मिळवून देणारे मध्यस्थ हे लक्ष्य होतं. ज्या राज्यांमध्ये असे प्रकार आढळले त्यात महाराष्ट्राचंही नाव होतं.

पद्धत साधी होती. घरभाडं, देणग्या, शैक्षणिक कर्जाचं व्याज, आजारपणाचा खर्च असं काहीही नसताना रिटर्नमध्ये दाखवायचं, रिफंड आला की त्यातलं कमिशन घ्यायचं. विभागाने आणखी एक गोष्ट सांगितली: हे लोक एकगठ्ठा रिटर्न भरण्यासाठी तात्पुरते ईमेल उघडतात आणि नंतर सोडून देतात, त्यामुळे नोटिसा न वाचताच पडून राहतात.

त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे ४० हजार करदात्यांनी स्वतःहून सुधारणा करून १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे मागे घेतले होते. पुण्यात नोकरी करणाऱ्या आणि पगारातून टीडीएस कापला जाणाऱ्या आपल्याकडच्या तरुणांनी हे खास लक्षात ठेवावं, कारण रिफंडचं आमिष त्यांनाच दाखवलं जातं. उत्पन्न चुकीचं दाखवल्याचं सिद्ध झालं, तर त्यावरच्या कराच्या दुप्पट म्हणजे २०० टक्के दंड होऊ शकतो.

आज घरबसल्या काय तपासायचं?

सीए, कर सल्लागार किंवा सेवा केंद्राकडून रिटर्न भरून घेण्यात काहीच गैर नाही. फक्त पुढच्या गोष्टी स्वतःच्या हातात ठेवा:

१. लॉगिन: पॅन नंबर हाच तुमचा युजर आयडी. पासवर्ड माहीत नसेल तर 'फरगॉट पासवर्ड'मध्ये जाऊन आधार ओटीपीने नवा ठेवता येतो. त्यासाठी आधारला तुमचाच चालू मोबाईल जोडलेला हवा. नसेल तर आधी आधार केंद्रात जा.

२. नंबर आणि ईमेल: प्रोफाइलमध्ये तुमचा किंवा घरातल्या माणसाचा नंबर टाका.

३. बँक खातं: रिफंड फक्त पोर्टलवर पडताळणी झालेल्या खात्यातच येतो. ते खातं तुमचंच आहे ना, बघा.

४. एआयएस: तुमचं व्याज, टीडीएस, मोठे व्यवहार यांची विभागाकडे असलेली नोंद इथे दिसते. रिटर्न भरण्याआधी ती जुळवा.

५. ई-पडताळणी: रिटर्न भरल्यावर ३० दिवसांत आधार ओटीपी किंवा नेटबँकिंगने पडताळणी करा. ती केलीच नाही तर रिटर्न भरलंच नाही असं धरलं जातं.

६. पूर्ण फॉर्मची प्रत: नुसती पावती नको, भरलेला पूर्ण फॉर्म मागून घ्या आणि वजावटीचा रकाना स्वतः वाचा. तुम्ही न केलेला खर्च तिथे दिसला तर तिथेच थांबवा.

'तुमचा रिफंड मंजूर झाला, लिंकवर क्लिक करा' असा मेसेज आला तर लिंक उघडू नका. विभागाच्या अधिकृत पत्रावर ओळख क्रमांक असतो, तो खरा आहे का हे पोर्टलवर तपासता येतं. शंका असेल तर १८०० १०३ ००२५ हा टोल फ्री नंबर आहे.

आधीच चुकीचं भरलं गेलं असेल तर?

मुदतीत असाल तर सुधारित रिटर्न भरता येतं. मुदत गेली असेल तर 'अपडेटेड रिटर्न'चा पर्याय आहे. १ एप्रिल २०२५ पासून त्याची मुदत २४ वरून ४८ महिन्यांवर नेली आहे. त्यात कर आणि व्याजावर २५ ते ७० टक्के जादा रक्कम भरावी लागते, आणि जितका उशीर तितकी रक्कम वाढते. विभागाने काही प्रकारची कारवाई सुरू केल्यावर मात्र हा पर्याय मिळत नाही. म्हणून नोटीस येण्याची वाट बघू नका.

मुदत चुकली तर ५ लाखांपर्यंत उत्पन्न असणाऱ्यांना १ हजार आणि त्यावरच्यांना ५ हजार रुपयांपर्यंत विलंब शुल्क लागतं. व्यवसायाचं उत्पन्न नसलेल्या वैयक्तिक करदात्यांसाठी ३१ जुलै ही नेहमीची तारीख. २०२५ मध्ये ती आधी १५ सप्टेंबर आणि मग आणखी एक दिवस पुढे गेली होती, पण दरवर्षी मुदतवाढ मिळेल असं धरून चालू नका.

घरात वडील, काका किंवा निवृत्त आजोबांचं रिटर्न दुसरं कुणी भरत असेल, तर एकदा त्यांच्यासोबत बसून लॉगिन करून बघा. दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे.