चार अक्षरांचें नांव

पालीच्या बल्लाळेश्वराची कथा आपणांस नवी नाहीं. गणेशभक्तीपायीं बापानें बल्लाळाला मारलें, अरण्यांत झाडाला बांधून सोडलें. त्यानें तेथूनच देवाचा धांवा केला. देव हांकेला आला, आणि भक्ताचें नांव धारण करून पालीस राहिला. ह्याच पालीची अंबा नदी नागोठण्यावरून धरमतरच्या खाडीला मिळते. त्या खाडीच्या दोहों अंगांस, पेण-अलिबागच्या मुलखांत, देवाच्या नांवाचा आणखी एक इतिहास जपला गेला. तो बेने इस्रायल समाजाचा होय.

त्यांची परंपरा सांगते कीं, अलिबागजवळ नवगांवच्या किनाऱ्यावर पूर्वजांचें गलबत फुटलें. सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वांचल्या, ग्रंथ समुद्रांत गेले. हें केव्हां घडलें ह्याविषयीं विद्वानांत एकमत नाहीं. पुढें ही मंडळी तेलाचे घाणे चालवूं लागली, मराठी बोलूं लागली. पेणकर, किहीमकर, रोहेकर अशीं आडनांवें त्यांस पडलीं. शनिवारीं घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांस शनवार तेली म्हणत. हिब्रू भाषा ते विसरले. परंतु ‘शेमा’ ही एक प्रार्थना राहिली. शेमा म्हणजे ‘ऐक’. देव एकच आहे, हा तिचा आशय. सुंता, लग्न, मरण, प्रत्येक प्रसंगीं तीच म्हटली जाई.

ह्या प्रार्थनेंत देवाचें जें नांव येतें तें योद, हे, वाव, हे अशा चार अक्षरांचें आहे. यहुदी लोक तें उच्चारीत नाहींत; त्याच्या जागीं ‘अदोनाय’, म्हणजे ‘माझा प्रभु’, असें वाचतात. बहुतेक पंडित ह्या नांवाचा संबंध ‘असणें’ ह्या अर्थाच्या धातूशीं जोडतात. जळत्या झुडपापाशीं मोशेनें नांव विचारलें, तेव्हां मिळालेलें उत्तरहि त्याच धातूचें होतें. आणि त्याला जोडून अब्राहाम, इसहाक व याकोब ह्यांचा देव, ही ओळख. म्हणजे ह्या नांवांत देवाच्या रूपाचें वर्णन नाहीं. तो आहे, आणि ज्यांनीं भरंवसा ठेविला त्यांच्यापाशीं तो होता, एवढीच ग्वाही आहे. दोन्ही धर्मांच्या ईश्वरकल्पना अगदीं निराळ्या. तरी भक्ताच्या नांवानें देव ओळखण्याची ही रीत पालीकराला परकी वाटूं नये.

अर्थाची ओळख समाजाला सावकाश झाली. सॅम्युएल इझिकेल दिवेकर ह्यांनीं १७९६ सालीं मुंबईंत पहिलें प्रार्थनामंदिर बांधलें; युद्धांतील कैदेंतून सुटका व्हावी म्हणून त्यांनीं केलेला हा नवस होता, असें सांगतात. १८३२ सालीं डॉ. जॉन विल्सन ह्यांनीं मराठींतून हिब्रू व्याकरण छापलें. त्यांचा हेतु धर्मप्रसाराचा होता. पण त्या शिक्षणाचा उपयोग ह्या समाजानें स्वतःच्या धर्मग्रंथांकडे वळण्यासाठीं केला. पुढें जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४-१९०५) ह्यांनीं हिब्रू प्रार्थना मराठींत आणल्या, आणि आजोबा न समजतां जें म्हणत तें नातवंडांस समजूं लागलें.

१९४८ नंतर बहुतेक कुटुंबें इस्रायलला गेलीं. तेथें विवाहाच्या वेळीं त्यांच्या यहुदीपणाबद्दलच शंका घेतली गेली. मोठ्या चळवळीनंतर १९६४ सालीं त्या सरकारनें, हे लोक सर्व बाबतींत यहुदी आहेत, असें जाहीर केलें. कागदपत्रांचा पुरावा त्यांच्यापाशीं थोडाच होता. पण ज्यांच्या जवळ ग्रंथ नव्हता, पुरोहित नव्हता, अर्थ सांगणारा कोणी नव्हता, त्यांनीं कोंकणांतल्या घाण्यापाशीं ती एक प्रार्थना पिढ्यान्‌पिढ्या टिकविली. त्या नांवाचा अर्थ ‘तो आहे’ असा असेल, तर व्याकरण शिकण्यापूर्वींच तो त्यांस कळला होता, असें म्हणावें लागतें.