कानशीचं पाणी

"कानस मेली" हे शब्द मी पहिल्यांदा अब्बांच्या तोंडून ऐकले, करमाडला. जालना रस्त्यालगत पत्र्याच्या शेडमध्ये ते ऑइल इंजिनं आणि मोटारपंप दुरुस्त करत. १९८५ साली तिकडे वाळूजला बजाजचा कारखाना निघाला. आमच्याकडे मात्र एक व्हाइस आणि डझनभर कानशी.

मंडळी, कानशीचा एकेक दात कधीकाळी माणूस हातानं पाडायचा. इंग्लंडात शेफिल्डला शिशाच्या ठोकळ्यावर पोलाद ठेवून छिन्नी-हातोडीनं हे काम चाले. त्या शिशाच्या विषानं कारागिरांची मनगटं लुळी पडत. लिओनार्दो दा विंचीनं दात पाडणाऱ्या यंत्राचं चित्र काढून ठेवलं होतं, पण अशी यंत्रं कारखान्यांत रुळली ती एकोणिसाव्या शतकात. आपल्याकडे ठाण्यात कानशी बनू लागल्या त्या स्वातंत्र्यानंतर. हत्यारांना धार लावणारे शिकलगार त्याआधीपासूनचे. 'सैकल' म्हणजे झळाळी, या अरबी शब्दावरून त्यांचं नाव आलं.

झिजलेल्या कानशीला पुन्हा दात पाडणारेही असत. आधी तापवून ती मऊ करायची, जुने दात घासून काढायचे, नवे पाडायचे, मग पाणी द्यायचं. दातांची टोकं जळू नयेत म्हणून मिठाचा लेप. दर खेपेला कानस पातळ होणार, म्हणजे हेही किती वेळा करणार?

अब्बा कानस उन्हात तिरपी धरत. दातांच्या टोकांवर पांढरी रेघ चमकली, की ती झिजली. नवी कानस ते आधी पितळेवर चालवत. पितळेवर घसरू लागली, तरी लोखंडाला ती चालते. (एका जातीच्या कानशीला 'बास्टर्ड' म्हणतात, ते नाव अब्बा आईसमोर घेत नसत.)

एकदा घसरणाऱ्या सात कानशी मी भंगारवाल्याला देऊन टाकल्या. संध्याकाळी अब्बा सायकल काढून गेले आणि चौपट पैसे मोजून त्या परत घेऊन आले. रागावले नाहीत. तारेचा ब्रश माझ्या हातात दिला. दातांत ॲल्युमिनियम भरलं होतं, एवढंच. पाच कानशी साफ होऊन, खडू चोळून, पुन्हा चालू लागल्या. सहावी सौम्य तेजाबात घालून, सोड्यानं धुऊन, तेल लावून थोडी धारेवर आली.

सातवी खरंच मेलेली होती. लोहारानं तिची सुरी करून दिली. आई तिनंच कांदा चिरायची. मुठीजवळ अजून दातांच्या पुसट रेघा दिसतात.