धावण्याआधीची वाट

आमचा नगर जिल्हा (२०२४ पासून अहिल्यानगर) म्हटला की लोकांना दुष्काळ आठवतो, साखर कारखाने आठवतात, नाहीतर शिर्डी आठवते. पण याच जिल्ह्याचे पश्चिमेचे टोक थेट सह्याद्रीच्या कड्यावर जाऊन टेकले आहे. हा अकोले तालुका. (विदर्भातले अकोला नव्हे!) महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई, १६४६ मीटर, याच तालुक्याच्या हद्दीवर. रतनगड इथला, हरिश्चंद्रगडही इथलाच. कड्याच्या पलीकडे खाली कोकण. समुद्रावरून आलेले ढग प्रथम या भिंतीवर आदळतात आणि घाटघरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. नगर शहरात जेमतेम पाचशे-सहाशे. एकच जिल्हा, पण दोन वेगळे देश म्हणावेत इतका फरक!

या डोंगरांत पूर्वी लोक कामासाठी चालत, नंतर हौसेने चढू लागले आणि आता धावू लागले आहेत. साताऱ्याला २०१२ पासून डोंगराच्या रस्त्याने अर्धमॅरेथॉन होते. सिंहगड-राजगड-तोरणा ही पायवाटांवरची लांब शर्यत २०१८ साली सुरू झाली. आता आमच्या भागातल्या मुलांनाही तेच वेड लागले आहे, आणि ते मला आवडते. मोबाईलमध्ये मान घालून बसण्यापेक्षा शतपटीने बरे.

मध्यंतरी एका माजी विद्यार्थ्याने असाच एक बेत मला वाचायला पाठवला. बारी गावातून निघायचे, कळसूबाई चढून उतरायची, भंडारदऱ्याच्या जलाशयाच्या काठाने रतनवाडी, तिथून कात्राबाईची खिंड, कुमशेत, पाचनई आणि शेवटी हरिश्चंद्रगड. सगळे एका दमात. कागदावर किलोमीटर होते, चढाची बेरीज होती, बुटांची आणि विजेऱ्यांची यादी होती. खाली एक ओळ होती : "सर, इतिहासाच्या बाजूने काही सांगण्यासारखे आहे का?"

आहे. बरेच आहे.

पहिली गोष्ट म्हणजे ही वाट कोणी शर्यतीसाठी आखलेली नाही. ती तिथून का जाते, याला कारण आहे. रतनगडाच्या कुशीत प्रवरा उगम पावते. (तीच प्रवरा, जिच्या काठी नेवाशाला शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली.) रतनवाडीत अमृतेश्वराचे कोरीव मंदिर आहे. तिथून गडाकडे निघालेल्या वाटेला पुढे फाटा फुटतो आणि तो कात्राबाईच्या खिंडीकडे जातो. खिंड ओलांडली की आपण प्रवरेचे खोरे सोडून मुळेच्या खोऱ्यात उतरतो. म्हणजे ही वाट दोन नद्यांना जोडणारी आहे. खिंडीच्या अलीकडे गाव आणि पाणी, पलीकडे कुमशेत आणि पाणी, मध्ये मात्र कोरडे रान. पुढे पाचनईला हरिश्चंद्रगडावरून आलेली मंगळगंगा भेटते, आणि गडावर पुष्करणी, टाकी व लेणी आहेत. नकाशावर आपल्याला ठिपके दिसतात, पण जुन्या माणसांच्या लेखी ते पाणी पिण्याचे आणि पाठ टेकण्याचे टप्पे होते.

दुसरी गोष्ट पाण्याचीच. हरिश्चंद्रगडाहून फार लांब नाही, जुन्नरच्या बाजूला नाणेघाट आहे. दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहनांच्या काळात कोकणातल्या बंदरांतून देशावर माल याच घाटाने चढे. तिथला नागनिकेचा लेख प्रसिद्ध आहे. राजाराणीची नावे, यज्ञ आणि दाने त्यात आहेत. पण त्याच घाटात काही छोटे लेखही आहेत, आणि त्यांतला एक मला त्या मोठ्या लेखापेक्षा जास्त आवडतो. सोपाऱ्याच्या गोविंददास नावाच्या माणसाने तिथे पाण्याचे टाके दान दिले, एवढेच तो सांगतो. टाक्याला तेव्हाच्या प्राकृतात 'पोढी' म्हणत.

सोपारा म्हणजे आजचे नालासोपारा. त्या बंदरातल्या माणसाला घाटमाथ्यावर टाके का खोदून द्यावेसे वाटले असेल? पुण्य हे कारण असेलच. पण पुण्य मिळवण्यासाठी त्याने जागा मात्र अचूक निवडली. उभा चढ संपतो आणि माणूस सर्वांत जास्त थकलेला असतो, ती जागा. पुढे कधी तरी येणाऱ्या आणि आपल्याला कधीच न भेटणाऱ्या वाटसरूची तहान त्याने मोजली होती. डोंगरातल्या प्रवासाचे नियोजन म्हणतात ते हेच, असे मला वाटते. आपण किती वेगाने जाऊ हा प्रश्न नंतरचा. थकलेला माणूस कुठे थांबेल, हा आधीचा.

तिसरी गोष्ट वाटा माहीत असलेल्या माणसांची. अकोल्यातल्या देवगावचे राघोजी भांगरे यांनी १८४० च्या दशकात इंग्रज सरकार आणि सावकारांविरुद्ध बंड केले. सरकारकडे फौज होती, बंदुका होत्या, नकाशे होते. राघोजींकडे खिंडी होत्या आणि त्या खिंडींतले महादेव कोळी लोक होते. या डोंगरांत सरकारला राघोजी सापडले नाहीत. ते पकडले गेले जानेवारी १८४८ मध्ये, इथून कितीतरी दूर, पंढरपुरात. २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी दिली गेली. वाट नुसती माहीत असून भागत नाही, वाटेवरची माणसे आपली असावी लागतात, हे मी वर्गात मुलांना याच उदाहरणाने सांगत असे.

आणि धावण्याचेच म्हणाल तर आपल्याकडे धावणारेही होतेच. टपालाचा हरकारा खांद्यावर थैली आणि हातात घुंगरांची काठी घेऊन रानावनातून धावे. पण तो सगळी वाट एकटा धावत नसे. ठरलेल्या टप्प्यावर दुसरा हरकारा उभा असे, थैली त्याच्या हाती जाई आणि पहिला विसावा घेई. माणूस कुठे थकतो हे ध्यानात घेऊनच ती सारी व्यवस्था बांधलेली होती. आजच्या शर्यतीत मात्र तोच माणूस सगळे टप्पे पार करतो. करावे, हरकत नाही. पण मग दर टप्प्यावर आपल्यासाठी कोणी तरी उभे असायला हवे.

नसेल तर काय होते, याचे उदाहरण फार जुने नाही. २२ मे २०२१ रोजी चीनमध्ये गांसू प्रांतात शंभर किलोमीटरची डोंगरशर्यत होती. धावणारे तयारीचे होते, त्यांच्याजवळ उपग्रहाशी जोडलेली यंत्रे होती. दुपारी अचानक गारा, पाऊस आणि जोराचा वारा सुरू झाला. अंगावर पातळ कपडे. एकवीस धावपटू थंडीने गारठून मेले. त्याच डोंगरात एक मेंढपाळ होता. मेंढरे राखताना अडीअडचणीला उपयोगी पडावी म्हणून त्याने एका गुहेत कपडे, पांघरुणे आणि अन्न ठेवलेले होते. त्याने सहा जणांना त्या गुहेत आणून शेकोटी पेटवली आणि ते सहाही जण वाचले.

सोपाऱ्याचा गोविंददास आणि हा मेंढपाळ, दोघांनीही वेळ येण्याआधीच सोय करून ठेवली होती. दोघांमध्ये दोन हजार वर्षांचे अंतर आहे, एवढेच.

मग मी त्या मुलाला सविस्तर उत्तर लिहिले. थोडक्यात असे :

वेळेचा हिशेब पुन्हा करा. स्कॉटलंडच्या नाइस्मिथने १८९२ साली डोंगरात चालण्याचा एक नियम सांगितला होता : दर तीन मैलांना एक तास आणि वर दर दोन हजार फूट चढाला आणखी एक तास. तुम्ही चालणाऱ्यापेक्षा वेगाने जाल हे खरे, पण आपल्याकडचा घसारा आणि कातळ उतरतानाही वेळ खातो. तो त्या नियमात धरलेला नाही. अंधार पडण्याआधी कात्राबाईची खिंड उतरली नसेल तर पुढे जायचे नाही, हे निघण्यापूर्वीच ठरवा. खिंडीत उभे राहून ठरवू नका.

दिवस थंडीचे निवडा. नोव्हेंबर-डिसेंबरात ओढ्यांना पाणी असते. मार्चनंतर त्यावर विसंबू नका. पावसाळ्यात तर विचारच नको. हा सगळा भाग १९८६ पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात मोडतो, तेव्हा वनखात्याची परवानगी घ्या आणि कागद खिशात ठेवा.

कुणी म्हणाले, "गाव हाकेच्या अंतरावर आहे," तर खुशाल एक तास धरा. आमच्या डोंगरातली हाक लांबवर जाते!

आणि शेवटचे, माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे. तुमच्या कागदावर रतनवाडी, कुमशेत, पाचनई ही नावे आहेत, माणसे मात्र नाहीत. बेत पक्का करण्याआधी एकदा सावकाश चालत जाऊन या. त्या गावांत बसा, नाचणीची भाकरी खा, कोणत्या ओढ्याचे पाणी कधी आटते ते विचारा. तुम्ही हौसेने धावणार ती वाट त्यांच्या आयाबहिणी डोक्यावर मोळी घेऊन चालल्या आहेत. त्यांच्यातलीच माणसे पाण्याच्या जागी आणि खिंडीत उभी करा, आणि त्यांना दिवसाचा योग्य मोबदला द्या. पाय मुरगळला तर शहरातून मदत येईपर्यंत रात्र होईल. पहिला हात कुमशेतच्याच माणसाचा लागणार आहे.

त्याचे उत्तर आले. धावण्याची तारीख त्यांनी पुढे ढकलली आहे. पुढच्या महिन्यात सहा जण रतनवाडी ते पाचनई नुसते चालत जाणार आहेत. मुक्काम कुमशेतला.